आधी काय काय लावलंत?

हृदयविकार झालेल्या माणसाला ‘दाखव बघू’ असं कोणी म्हणत नाही. मूतखडेवाल्यालाही फार तर ‘पाणी किती पिता?’ एवढंच विचारतात. पण कातडीवर काही उठलं की अख्खी आळी बघायला येते, आणि आलेला प्रत्येक जण औषध सांगूनच जातो. मला नायटा झाला तेव्हा पहिल्या आठवड्यातच अकरा उपाय कळले होते. त्यांतले नऊ मी केले. दोन राहिले, कारण एकाला गाढविणीचं दूध लागत होतं आणि दुसऱ्याला अमावास्या, जी नुकतीच होऊन गेली होती.

नायटा उठला तो कमरेला, पट्ट्याच्या जरा खाली, मे महिन्यात. सांगलीतला मे ज्यांनी काढलाय त्यांना घामाबद्दल जास्त सांगायला नको. सुरुवातीला रुपयाएवढा होता. कड लालसर, किंचित उचललेली, तिच्यावर बारीक खपली, आणि मधला भाग साफ. बँकेत ३६ वर्षं काढल्यामुळे ‘रुपयाएवढा’ म्हणजे कुठल्या सालच्या रुपयाएवढा हेही मी सांगू शकलो असतो. पंधरा दिवसांत त्याची बशी झाली. वाढीचा हा दर आमच्या बँकेनं कुठल्याच ठेवीवर कधी दिला नाही.

पहिलं निदान आईचं. आई ८४ वर्षांची आहे आणि तिच्या वैद्यकात तीनच रोग आहेत: उष्णता, पित्त आणि ‘बाहेरचं खाल्लंस’. तिनं कुंडीतली कोरफड चोळली. हिनं हळद आणि खोबरेल लावलं. नायट्याला काही झालं नाही, पण माझे दोन लेंगे आणि एक चादर कायमची पिवळी झाली. वहिनींनी ‘भावजी, तुमचं रक्त शुद्ध नाही’ असं चारचौघांत जाहीर करून कडुनिंबाचा पाला वाटून पाजला. कोल्हापूरच्या मेहुण्यांनी एस.टी.तून एका औषधाची बाटली धाडली. ते लावल्यावर खाज राहत नाही हे खरं, कारण जी आग होते तिच्यापुढं खाजेची आठवणच राहत नाही. न्हाणीघरात एका पायावर नाचत मी त्यांना फोन लावला. “झोंबतंय ना? मग लागू पडलं म्हणायचं,” मेहुणे समाधानानं म्हणाले.

शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं माझ्याकडं न बघताच एक ट्यूब काढून दिली. “काका, तीन औषधं एकात आहेत.” तीन औषधं एकाच्या पैशात मिळतायत म्हटल्यावर पेन्शनर माणूस कशाला मागं हटतोय? आणि खरोखर, तिसऱ्या दिवशी खाज गेली, लाली उतरली. त्या आठवड्यात मी त्या ट्यूबची जेवढी जाहिरात केली तेवढी कंपनीनंही केली नसेल. लावायचं थांबवलं आणि पाचव्या दिवशी नायटा परत हजर. परत ट्यूब. दोन महिन्यांत चार ट्यूबा संपल्या आणि बशीचं ताट झालं. शिवाय आता वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी एक, झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर असतात तशी. तेव्हा कुठं तज्ज्ञाला दाखवायचं ठरलं. आपल्याकडं त्वचारोगतज्ज्ञाकडं जायची ही रीतच आहे: सगळं करून झालं की जायचं.

सांगलीत तज्ज्ञ नाहीत असं नाही, भरपूर आहेत. पण त्यांच्या पाटीवर ‘त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग तज्ज्ञ’ असं लिहिलेलं असतं, आणि त्या पाटीखालून आत शिरताना मधलाच शब्द आपल्या कपाळावर चिकटल्यासारखा वाटतो. म्हणून मिरज. मिरज सतारींची आणि डॉक्टरांची. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली तिथं इस्पितळ काढलं, तेव्हापासून इकडची माणसं आणि कर्नाटकातली माणसं आपापले आजार घेऊन मिरजेलाच उतरतात. तिथं आपल्याला कोण ओळखणार?

आत पाऊल टाकलं तर अर्धी सांगली बसलेली. आमच्या शाखेचे जुने मॅनेजरसाहेब, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि गेल्याच श्रावणात आमच्याकडं सत्यनारायण सांगून गेलेले गुरुजी. सगळ्यांनी एकदमच आपापली वर्तमानपत्रं वर घेतली. मग एकमेकांना ओळख द्यावीच लागली. “काय, इकडं कुठं?” “काही नाही, जरा केस गळतायत.” सेक्रेटरींचे केस गळत होते, गुरुजींचे केस गळत होते, आणि मॅनेजरसाहेबांचेही गळत होते, ज्यांच्या डोक्यावर १९९८ सालापासून गळण्यासारखं काही उरलेलं नाही. मीही माझे केस गळतायत असं सांगितलं आणि कंबर खाजवली.

कोपऱ्यात एक शेतकरी बसला होता. त्याच्या बरगडीवरून पाठीपर्यंत काव फासलेली. नागीण. सोबतची म्हातारी प्रत्येक येणाऱ्याला सांगत होती, की दोन्हीकडची तोंडं जुळली की माणूस जातो, अजून चार बोटं राहिलीत, पोरीला म्हणावं लवकर बघ. ती ‘पोरगी’ म्हणजे डॉक्टर. पुढं माझ्या पाळीत मी हे विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “काका, तोंडं जुळतच नाहीत. तो विषाणू शरीराच्या एका बाजूच्या नसेत असतो, ती नस मध्यावर येऊन संपते. नागीण फिरून फिरून फिरणार कुठं?” एवढा भरवशाचा साप मी दुसरा ऐकलेला नाही.

बसल्या बसल्या भिंतीवरच्या सनदा वाचल्या. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप. मग एम.डी.ची तीन. म्हणजे माझ्या नायट्याकडं बघायला साडेआठ वर्षं शिकावं लागतं, आणि मेहुण्यांना एस.टी.चं पार्सल पुरतं. त्यातही या विषयाच्या एम.डी.ची जागा सहज मिळत नाही. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत जी पोरं अगदी वरच्या नंबरात येतात ती हल्ली रेडिओलॉजी उचलतात नाहीतर त्वचा. मॅडमना त्वचा मिळाली तेव्हा पेढे घ्यायला आलेल्या आत्यानं विचारलं होतं, “एवढे मार्क पडले तर हार्टचं का नाही घेतलंस गं?” पुढं मॅडमच्या लग्नात त्याच आत्यानं स्टेजवर अक्षता टाकून झाल्यावर पायाचं अंगठ्याचं नख पुढं केलं. फोटोत मॅडम वाकलेल्या दिसतात. सगळ्यांना वाटतं नमस्कार करतायत.

पाटीवरचे तीन रोग एकाच माणसाच्या गळ्यात का, हे मला कधी कळलं नव्हतं. कारण साधं आहे. उपदंश कातडीवर उठतो आणि तोही एका रूपात नाही. आज पुरळ, उद्या चट्टा, परवा केसच जातात. असला बहुरूपी, की डॉक्टर लोकांनी जुन्या काळीच त्याला नकलाकार ठरवून टाकलं. ज्याला कातडी वाचायची त्याला ही सोंगं ओळखता आलीच पाहिजेत. कुष्ठाचंही तेच; पहिली खूण बहुतेक वेळा एक साधा फिकट डाग.

माझा नंबर आला. मॅडम पस्तिशीच्या असतील. मी शर्ट वर करायच्या आधीच पहिला प्रश्न: “आधी काय काय लावलंत?”

मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. कोरफड. हळद. खोबरेल. तुरटी. कडुनिंब पोटात. ती बाटली. लिंबू. हिंग. (हिंगाचं मी घरी सांगितलं नव्हतं.) लिहिताना त्यांचा चेहरा जराही हलला नाही. हे त्यांना एम.डी.लाच शिकवत असावेत. ट्यूब पुढं केली तेव्हा मात्र पेन थांबलं.

“काका, खाजतंय?”

“खाजतंय म्हणजे! रात्री…”

“छान.”

माझ्या खाजेला छान म्हणणारं ते पहिलं माणूस. मग त्यांनी कापसाची बारीक वात केली, मला डोळे मिटायला सांगितलं आणि कापूस लागेल तिथं बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवलं. पुन्हा लावला, पुन्हा ठेवलं. मग कळलं, की कुष्ठाचा डाग सहसा खाजत नाही आणि त्याला असा स्पर्शही नीट कळत नाही. म्हणून कातडीच्या डॉक्टरला खाजरा पेशंट दिसला की बरं वाटतं. आईच्या पिढीत तो शब्द कुणी तोंडानं उच्चारत नसे, ‘महारोग’ म्हणत, तोही खालच्या आवाजात. १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं त्या संस्थेच्या नावातही महारोगीच आहे. आज त्याच रोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायच्या आणि बरं व्हायचं. मॅडम म्हणाल्या, त्या डागाचे पेशंट अजून येतात, आणि उशिरा येतात. दुखत नाही, खाजत नाही, मग कोण कशाला दाखवतंय? डोळे मिटून बोट ठेवताना मला माझी खाज पहिल्यांदाच जवळची वाटली.

मग बोथट पात्यानं त्यांनी नायट्याची कड खरवडली. काचेच्या पट्टीवर कोंडा पडला, नखभर. त्यावर कॉस्टिक पोटॅशच्या पाण्याचा थेंब, वर पातळ काच. थोडा वेळ थांबायचं. पोटॅश कातडीच्या पेशी विरघळवतं आणि बुरशी तेवढी उरते. “बघा,” म्हणून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला. काचेसारखे लांबच लांब धागे, मध्ये मध्ये गाठी, मग फांद्या फुटलेल्या, एकात एक गुंतत गेलेल्या. शेवयांचं पाटावरचं वाळवण असतं ना, अगदी तसं. हा सगळा संसार माझ्या कमरेवर भाड्याशिवाय राहत होता.

“आणि ही तुमची ट्यूब,” मॅडम म्हणाल्या. “यातलं एक औषध बुरशीसाठी, एक जंतूंसाठी, आणि तिसरं स्टेरॉइड. लाली, सूज, खाज म्हणजे तुमची कातडी बुरशीशी भांडत होती. स्टेरॉइडनं कातडीला गप्प केलं. भांडण मिटलं असं तुम्हाला वाटलं. बुरशीला रान मोकळं.”

मला बँकेच्या भाषेतच कळतं. तिजोरीच्या खोलीत चोर शिरलाय, भोंगा वाजतोय, आणि आम्ही काय केलं, तर भोंग्याची वायर कापली आणि शांत झोपलो. असं दोन महिने. खोक्यावर तांबडी रेघ होती, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असं बारीक अक्षरात छापलेलंही होतं. २०१८ साली सरकारनं स्टेरॉइडच्या मलमांवर हा निर्बंध घातला. ते अक्षर वाचायला भिंग लागतं, आणि खाजणारा माणूस दोन्ही हातांनी खाजवत असतो, भिंग कशानं धरणार?

मी वहिनींचं रक्तशुद्धीचं मत भीत भीत मांडलं. मॅडम हसल्या. म्हणाल्या, तुमच्या वहिनी एकट्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नातले मोठमोठे डॉक्टर खरजेबद्दल हेच म्हणत होते, की शरीरातला दोष बाहेर पडतोय. हेब्रा नावाच्या तरुण डॉक्टरला ते पटेना. त्यानं खरजेचा किडा स्वतःच्या अंगावर सोडून घेतला, खाजवत बसला आणि सिद्ध केलं, की रक्त बिचारं निर्दोष आहे, किडा मारा. पुढं त्वचाशास्त्रात त्याचं एवढं नाव झालं, की हाताखालच्या हुशार शिष्यानं त्याची मुलगीच केली. १८८० साली सासरे गेल्यावर खुर्ची जावयाकडं आली. कपोसी त्याचं नाव. इतक्या खरजाळ घरात मुलगा स्थळ म्हणून आला याचं मला कौतुक वाटलं.

खरं तर नावं ठेवण्यात आपली माणसं व्हिएन्नावाल्यांच्या पुढं आहेत. गजकर्ण, इसब, शिबं, वांग, चाई, चिखल्या, चामखीळ, कुरूप, घामोळं, केसतूड. शरीराच्या दुसऱ्या कुठल्या भागाला एवढा शब्दसंग्रह दिलाय? यकृताला आपण एक शब्द दिला आणि तोही विसरलो. मॅडमनी तीन वर्षं ग्रीक-लॅटिन पाठ केलं. उलगडून बघितलं तर ‘पिटिरायसिस’ म्हणजे कोंडा, धान्याचा असतो तोच, आणि ‘हर्पिस’ म्हणजे सरपटणं. कोंडा आणि नागीण! आमच्या आजीला हे ग्रीक न शिकता येत होतं. फक्त टक्कल पडायला ग्रीकांनी कोल्ह्याला जबाबदार धरलं. तिथं आपला त्यांच्याशी संबंध नाही.

चिठ्ठी झाली. गोळ्या, एक साधं मलम, आणि ते किती लावायचं याचं माप: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळायचं, ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं, आणि तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. डागाच्या बाहेरही दोन बोटं लावायचं. टॉवेल वेगळा. कपडे गरम पाण्यात, उन्हात, वर इस्त्री. जीन घालू नका (मी कधी घातली नव्हती, तरी बरं वाटलं). आणि मग पेन बंद करत, सहज:

“हा करगोटा काढून टाका.”

मी गप्प. काळ्या गोफाचा करगोटा माझ्या कमरेला जन्मापासून आहे. आमच्याकडं तो मेल्यावर तोडतात. मी तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “काका, तो दिवसभर घामात भिजतो, वाळत नाही, बुरशी त्यात मजेत राहते. मी गोळीनं आतून मारीन, मलमानं बाहेरून मारीन, ती करगोट्यातून परत येईल.” मी म्हटलं, चांदीचा केला तर? त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की साडेआठ वर्षांतलं उरलेलं शिक्षण मला त्यात दिसलं.

एवढ्यात ही, जी केवळ सोबत म्हणून आली होती, खुर्ची पुढं सरकवून म्हणाली, “डॉक्टर, आलेच आहे तर माझं वांग बघता का?” माझ्या सहाशे रुपयांत. गालांवरचा तपकिरी पट्टा गेली बारा वर्षं तिथं आहे, आणि त्यावर काय काय लावलं याची यादी निघाली तेव्हा माझी यादी बालवाडीतली ठरली. मसुराच्या पिठापासून ते १९७५ पासून देशाला गोरं करायला निघालेल्या आणि २०२० साली नावातला गोरेपणा सोडून द्यावा लागलेल्या त्या क्रीमपर्यंत. मॅडमनी सगळं बंद केलं आणि सनस्क्रीन लिहून दिलं. दोन बोटांवर दोन रेघा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला, दर दोन-तीन तासांनी. मी मनात हिशेब मांडला: एका वेळी ग्रॅमभर, दिवसातून तीनदा, पन्नास ग्रॅमची ट्यूब सतरा दिवसांत खलास. हा तर दुधासारखा रतीब झाला! मग आकडा कोणता घ्यावा असं विचारलं. पंधराचं भाजणाऱ्या किरणांतली ९३ टक्के अडवतं, तीसचं ९७, पन्नासचं ९८. म्हणजे वरच्या वीस आकड्यांत पदरात पडतो एक टक्का. असली योजना मी काउंटरवर पुष्कळ विकली आहे; मी तीसचं घेतलं.

“डॉक्टर, मुलाच्या लग्नापर्यंत जाईल ना?” हिनं विचारलं. लग्न नऊ दिवसांवर होतं. वरची कातडी बदलायलाच चार आठवडे लागतात, असं मॅडम शांतपणे म्हणाल्या. रोज म्हणत असणार. वैशाखातल्या नवऱ्या चैत्र संपता संपता येतात आणि आठ दिवसांत उजळ करा म्हणतात, त्यांतल्या निम्म्या माझ्याच ट्यूबच्या जातीचं काहीतरी तोंडाला फासून गाल लालबुंद करून आलेल्या असतात.

घरी आल्यावर करगोट्याची बातमी आईला कशी सांगायची हा प्रश्न होता. दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी हिनंच सांगितलं. आई पान लावत होती. म्हणाली, “इकडं ये.” मी गेलो. तिनं माझा शर्ट वर केला आणि हातातल्या अडकित्त्यानं करगोटा कचकन तोडला. “त्यात काय? जन्मापासूनचा म्हणे! दर दोन वर्षांनी तुटतोय आणि मी दुसरा आणतेय. आठवडी बाजारात दहा रुपयाला मिळतो.” आणि सुपारी कातरायला लागली. अडकित्ता धुवायला हवा होता, पण ते कोण बोलणार.

सहा आठवडे गोळ्या झाल्या. खाज पहिल्या पंधरवड्यातच गेली, पण यावेळी थांबलो नाही. मॅडमनी तारीखवार लिहून दिलं होतं आणि तारखेला चुकणं बँकेच्या माणसाला जमत नाही. कड उतरली, वलयं पुसली गेली. उरला तो एक भुरा डाग, ताटाएवढाच. मी परत मिरजेला गेलो. बाहेर गुरुजी होते. त्यांचे केस अजून गळत होते.

मॅडमनी कड खरवडून पाहिली, सूक्ष्मदर्शकात शेवया नव्हत्या. मी डागाकडं बोट दाखवलं. “याला काय लावू?”

“काही नाही. तो हळूहळू आपोआप जाईल. काही लावू नका.”

“थोडं तरी?”

“काका, काहीही नाही.”

सहाशे रुपये देऊन मी काही न लावण्याची चिठ्ठी घेऊन आलो. आई दारातच बसली होती.

“काय म्हणाली ती?”

“बरा झालाय. डाग राहिलाय थोडा.”

“मग त्याला काय दिलं?”

“काही नाही.”

आईनं माझ्याकडं पाहिलं, मग चिठ्ठीकडं, मग हात टेकून उठली आणि कोरफडीच्या कुंडीकडं निघाली.